निरोप घेणे आणि निरोप ठेवणे

मराठीत ‘निरोप’ या एकाच शब्दास दोन अर्थ आहेत. प्रवासास निघताना आपण घरच्यांचा निरोप घेतो, आणि दूर गेल्यावर त्यांस निरोप पाठवितो. खिशात फोन आल्यापासून दुसरा निरोप केव्हाही पाठविता येतो, असा आपला समज झाला आहे. त्यामुळे पहिला निरोप आपण उरकून टाकू लागलो आहोत. हा समज कितपत खरा, याची परीक्षा समुद्रावर होते.

आमचा पाटोदा तालुका बालाघाटाच्या डोंगरातला. मांजरा नदी येथे गवळवाडीजवळ उगम पावते, आणि तिचे पाणी गोदावरीच्या वाटेने समुद्रास मिळते. परंतु येथील पुष्कळ माणसांनी समुद्र पाहिला तो चौपाटीवर उभे राहूनच. आता मात्र मिळवते मुलगे आईबापांस जहाजाच्या सफरीची तिकिटे काढून देऊ लागले आहेत. 2018 च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली होती. ती पुढे बंद पडली. 2021 च्या सप्टेंबरापासून ‘कॉर्डेलिया’च्या मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सफरी सुरू झाल्या.

अशाच एका सफरीची तिकिटे हाती आलेल्या एका भगिनींनी आम्हांस प्रश्न विचारिला आहे. घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत. धाकटे दीर व जाऊबाई आहेत. पस्तीस वर्षांच्या संसारात यजमान व त्या, दोघेही एकाच वेळी घराबाहेर राहिल्याचा प्रसंग आलेला नाही. यजमान म्हणतात, “समुद्रावर फोन लागत असेल तरच जाऊ.” भगिनी विचारतात, फोन लागतो काय?

प्रथम या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो. किनारा जवळ आहे तोवर आपला नेहमीचा फोन चालतो. जहाज खोल पाण्यात शिरले की जमिनीवरील मनोऱ्यांची शक्ती संपते. पुढे सारा व्यवहार उपग्रहामार्फत. अनेक जहाजांवर स्वतःचा लहानसा मनोरा असतो, आणि आपला फोन आपण न सांगताच त्यास जोडला जातो. त्याचे दर मात्र घरच्या दरांहून फार निराळे असतात. परदेशासाठी घेतलेल्या योजनेतही जहाज धरलेले असतेच असे नाही. म्हणून बंदर सोडताच फोनचा ‘एरोप्लेन मोड’ चालू करावा, आणि जहाजावरील वाय-फाय पैसे भरून घ्यावयाचे असल्यास त्याचा दर व त्यावर बोलता येते की केवळ मजकूर पाठविता येतो, हे आधी विचारून घ्यावे. अशा स्थितीत नेहमीच्या क्रमांकावर आलेला फोन बहुधा वाजत नाही, आणि बँकेचा ओटीपीही पोहोचेल याचा भरवसा नसतो. तेव्हा पैशाचे व्यवहार निघण्यापूर्वीच आटोपावेत.

आणखी एक बारीकशी गोष्ट. काही उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 550 किलोमीटरांवर फिरतात, तर काही 35,786 किलोमीटर उंचीवर असतात. या दुसऱ्या प्रकारच्या उपग्रहामार्फत शब्द पोहोचण्यास पाव सेकंद, व उत्तर परत येण्यास आणखी पाव सेकंद लागतो. घरी सासूबाईंना हे सांगून ठेवावे. नाहीतर मुलगा उत्तर देताना अडखळला, म्हणजे काहीतरी लपवीत आहे, असे त्या माउलीस वाटेल.

सारांश, फोन कधी लागेल, कधी लागणार नाही. पण यजमानांच्या अटीमागील खरी भीती निराळी आहे, आणि तिचे नाव घेणेच बरे. आपण नसताना आईचे काही बरेवाईट झाले तर? या भीतीस आम्ही हसत नाही. समुद्रावरून वार्ता न कळणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राने भोगले आहे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट सकाळी बुडाली व सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईस ती वार्ता कळण्यास कित्येक तास लागले. आज प्रवासी जहाजांवर संकटसंदेशाची यंत्रणा सक्तीची आहे. म्हणजे प्रवाशाचा फोन बंद असला, तरी जहाजाशी संपर्क साधता येतो. म्हणून प्रवासी कंपनीचा तातडीचा क्रमांक, जहाजाचे नाव, खोलीचा क्रमांक आणि कोणत्या दिवशी कोणते बंदर, हे एका कागदावर लिहून तो घरी ठेवावा. फोनपेक्षा तो कागद अधिक उपयोगी पडेल.

परंतु वार्ता पोहोचली, तरी पुढे काय? भर समुद्रात गाठलेला मुलगा पुढचे बंदर येईतो परतू शकत नाही. मध्यरात्री आईस दवाखान्यात न्यावयाचे, तर निर्णय घरी असलेल्यानेच घ्यावयाचा आहे. धाकटे दीर पन्नाशीचे असतील. तरीही ‘दादास विचारल्यावाचून’ गाडी बोलाविण्याचा अधिकार त्यांस वाटत नसेल, तर उणीव फोनची नव्हे, त्या घराच्या वहिवाटीची आहे. एकत्र कुटुंबात वडीलकीचा मान असावा. परंतु तो मान एका माणसाच्या फोनला बांधून ठेविला, तर तो माणूस आजारी पडला तरीही घर थांबेल.

आमच्या तालुक्यातून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे जातात. मागे राहतात म्हातारी माणसे, व कित्येक घरी नातवंडे. ही चैनीची सफर नव्हे, पोटासाठी केलेले स्थलांतर आहे, आणि त्यातील हालांचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण निघण्यापूर्वी मुकादमाचा क्रमांक कोणाकडे, रात्री-अपरात्री कोणाचे दार ठोठवावयाचे, पैसे कोणाच्या हाती, हे सांगूनच त्यांस निघावे लागते. तीन रात्रींच्या सफरीस निघणाऱ्या सुशिक्षितांस हे सांगण्याचा आळस का असावा?

डॉक्टर आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलात कलकत्त्याहून निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. यजमान गोपाळराव टपाल खात्यातच नोकर. तरी भर समुद्रातून त्यांस पत्नीची वार्ता मिळण्याची सोय नव्हती. त्या काळची ताटातूट आम्ही आदर्श मानीत नाही. आपल्या हाती साधने आहेत, ती वापरावी. मात्र विश्वासाचे काम साधनावर सोपवू नये.

म्हणून भगिनींस आमचे सांगणे असे : अवश्य जावे. निघण्यापूर्वी यजमानांनी सासूबाईंसमोर धाकट्या भावास सांगावे, “या चार दिवसांत तू ठरवशील ते मला मान्य.” डॉक्टरांचे नाव, औषधांची यादी, विम्याची कागदपत्रे व जरूर तितके पैसे त्यांच्या स्वाधीन करावेत. जाऊबाईंस घराच्या किल्ल्या द्याव्यात, आणि परतल्यावर त्यांनी काय केले याची झडती घेऊ नये. दिवसातील एक वेळ संदेशासाठी ठरवावी. घरून जाणारा संदेश ‘ताबडतोब फोन करा’ एवढाच नसावा. काय झाले, काय केले आणि काय हवे, हे तीन वाक्यांत लिहावे. आणि सासूबाईंस ‘केव्हाही फोन कर, मी आहेच’ असे खोटे आश्वासन देऊ नये. काही तास फोन लागणार नाही, हे खरे सांगावे. वृद्धांस न लागणाऱ्या फोनचा त्रास होतो, त्याहून अधिक तो लागेल म्हणून वाट पाहण्याचा होतो.

एवढे करून निघालेल्या माणसाचा फोन लागला तर आनंदच. न लागला तरी घर अडणार नाही.