स्वावलंबी अभ्यास

'अभ्यासाला वेळच मिळत नाही,' ही तक्रार शाळाशाळांतून ऐकू येते. ती सर्वस्वी खोटी नसते. कुणाला घरची गुरे पाहावी लागतात, कुणाला धाकटी भावंडे सांभाळावी लागतात, तर कुणाची शाळा गावापासून लांब असते. तरीही पुष्कळांच्या ठिकाणी खरी उणीव वेळेची नसून व्यवस्थेची असते, असे माझे मत आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत व एका पंक्तीत जेवत. स्वयंपाक, झाडलोट, शेतातील श्रम ही सर्व कामे मुलेच करीत आणि त्यातूनच अभ्यासही करीत. त्या मुलांच्या अन्नासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपल्या अंगावरचे दागिने मोडले. स्वावलंबन हे या शिक्षणाचे ब्रीदच होते.

कोणी म्हणेल, 'दिवसभर राबणाऱ्या मुलाला वेळापत्रक कसले?' उलट, त्यालाच ते अधिक हवे. ज्याच्या हाती पाच तास आहेत, त्याचा एक वाया गेला तरी निभावते. ज्याच्या हाती एकच तास आहे, त्याने तो गमावला तर उरले काय?

म्हणून प्रथम आपला मोकळा वेळ कोणता, हे प्रामाणिकपणे कागदावर मांडावे. पाळता येईल तेवढेच त्यात लिहावे. मन ताजे असेल तेव्हा अवघड विषय घ्यावा. प्रत्येक विषयाची वही निराळी ठेवावी आणि दप्तर रात्रीच भरावे. म्हणजे सकाळची धांदल टळते. मोठे काम अंगावर आले, तर त्याचे लहान लहान भाग पाडून ते दिवसांवर वाटून द्यावे.

सांगलीजवळ हरिपूर येथे जमिनीतील पेवांत हळद साठवीत. तेथे ती वर्षानुवर्षे टिके. विद्येचे मात्र तसे नाही. एकदा वाचून मनात पुरून ठेवलेला धडा थोड्याच दिवसांत विरून जातो. तो वरचेवर बाहेर काढावा लागतो. पुस्तक मिटून, काय आठवते ते आपल्या शब्दांत लिहावे आणि मग पुस्तकाशी ताडून पाहावे. दुसऱ्या दिवशी, पुन्हा आठवड्याने असेच करावे. नुसते दहा वेळा वाचण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो.

वडीलमाणसांचेही यात कर्तव्य आहे. वसतिगृहात सर्वांचा दिवस एकत्र आखलेला असे. घरी तशी सोय नसते. तेव्हा मुलाने ठरविलेल्या तासाला त्याला दुसरे काम सांगू नये. आरंभी वेळापत्रक आखण्यास मदत करावी, पण हळूहळू हात काढून घ्यावा. कारण दुसऱ्याने लावून दिलेली शिस्त तो दूर होताच मोडते. स्वतः लावून घेतलेली शिस्त जन्मभर सोबत करते.

मित्रहो, भाकरी स्वतः भाजून शिकणारी मुले याच मातीत होऊन गेली. आपल्या अभ्यासाची आखणी स्वतः करणे तुम्हांला जड वाटू नये.