लाल शाईतली नदी

गेल्या मे महिन्याच्या सुटीत आमच्या कन्येने एक राज्य स्थापन केले. वय वर्षे बारा, राजधानी मुलुंडच्या आमच्या बिऱ्हाडातली खिडकी आणि भांडवल म्हणजे एक वही. राज्याच्या पश्चिमेला समुद्र, त्याला लागून डोंगरांची रांग आणि आकाशात दोन चंद्र. दोन कशाला, असे विचारले तर म्हणाली, “एक आपल्याकडे आहेच की, बाबा!”

मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. हातात लाल पेन असले की मास्तराला तारतम्य राहत नाही. तिची नदी डोंगरात उगम पावून, जवळचा समुद्र सोडून, थेट पूर्वेच्या समुद्राला मिळत होती. मी फुली मारली आणि समासात लिहिले, ‘अशक्य.’ पोरीने वही मिटली. ती पुढे मला दिसलीच नाही.

पावसाळ्यात वर्गात गोदावरीवर बोलताना माझी जीभ अडखळली. त्र्यंबकेश्वराहून पश्चिम समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटर. पण गोदामाई त्याला पाठ दाखवून १,४६५ किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. दख्खनचे पठारच पूर्वेला कललेले. पाणी अंतर पाहत नाही, उतार पाहते. मराठीच्या प्राध्यापकाने हे विसरावे! घरी येऊन चूक कबूल केली. “बरं,” एवढेच उत्तर मिळाले. वही कपाटातच राहिली.

ती बाहेर काढली माझ्या आईने. संकष्टीच्या संध्याकाळी ती कॅलेंडरात चंद्रोदय पाहत होती. नातीने विचारले, “आजी, दोन चंद्र असले तर उपास कोणता पाहून सोडायचा?”

“जो आधी उगवेल तो!” आईने क्षणाचाही विलंब लावला नाही. “पण भरतीचं काय करशील गं?”

आईचे माहेर अलिबागचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब ती लहानपणीच शिकलेली. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. म्हणून अष्टमीच्या दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी आणि कुलाबा किल्ल्यात पायी जायची सोय. आमच्या मुलुंड-भांडुपच्या मिठागरांतही खाडीचे पाणी घेत ते उधाणाचेच. आता दोन चंद्र म्हणजे दोन तिथ्या. पाऊणपट करायची कोणत्या तिथीची?

मी संधी साधली. स्विफ्टने १७२६ साली गलिव्हरच्या गोष्टीत मंगळाला दोन चंद्र देऊन टाकले होते. जवळचा ग्रहाच्या तीन व्यासांवर, दहा तासांत फेरी मारणारा. दूरचा पाच व्यासांवर, साडेएकवीस तासांत. केप्लरचा नियम लावून पाहा, गणित चोख बसते! मंगळाचे खरे चंद्र सापडले १८७७ साली. त्यांच्या वेळा निराळ्या निघाल्या, पण हिशेबात स्विफ्टला कोणी पकडू शकत नाही.

कन्येने वही उघडली. तिचा थोरला चंद्र ३० दिवसांनी अमावास्येला येतो, धाकटा १२ दिवसांनी. म्हणजे दर ६० दिवसांनी दोघांची अमावास्या एकाच रात्री. तेव्हा मोठे उधाण येते आणि काळोखही तेव्हाच पुरता. तिने दिवाळी त्या रात्री ठेवली. वर्ष ३६० दिवसांचे, तेव्हा दिवाळ्या सहा. “सहा वेळा चकल्या कोण तळणार?” हिने स्वयंपाकघरातून विचारले.

नदी आहे तिथेच आहे. माझ्या लाल फुलीवर कन्येने एक गाव वसवले आहे. त्याचे नाव मला अजून सांगितलेले नाही.