अनामिकांचे रणांगण

१४ डिसेंबर १९७१ची सकाळ. ढाक्यातील गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये दुपारी बारा वाजता पूर्व पाकिस्तानच्या सत्ताधाऱ्यांची महत्त्वाची बैठक भरणार असल्याचा पाकिस्तानी बिनतारी संदेश भारतीय यंत्रणेने टिपला. हाताशी वेळ जेमतेम होता. गुवाहाटीच्या तळावरून विंग कमांडर बी. के. बिष्णोई यांच्या नेतृत्वाखाली मिग-२१ विमाने झेपावली, तेव्हा लक्ष्य शोधण्यासाठी वैमानिकांजवळ होता तो पर्यटकांसाठी छापलेला ढाका शहराचा नकाशा! विमानांनी सोडलेली रॉकेटे त्या इमारतीचे छत भेदून आत घुसली. गव्हर्नर ए. एम. मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला आणि दोन दिवसांनी जनरल नियाझींनी शरणागतीच्या कागदावर स्वाक्षरी केली.

विमाने कोणी चालवली, हे इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. परंतु तो संदेश ज्याने कानाला यंत्र लावून टिपला, ज्याने त्याचा अर्थ लावला आणि घड्याळाकडे पाहत तो योग्य हाती पोहोचवला, त्याचे नाव कोणत्या शाळेच्या पुस्तकात आहे? कोणत्याही नाही. तसे ते असूही नये, अशीच त्या सेवेची रीत आहे. लष्करी गुप्तवार्ता या क्षेत्राकडे करिअर म्हणून पाहणाऱ्या तरुणाने आणि त्याहूनही अधिक त्याच्या आईवडिलांनी प्रथम समजून घ्यायची गोष्ट ती हीच.

अलीकडे या क्षेत्राविषयी तरुणांत कुतूहल वाढले आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र ते कुतूहल बहुतांशी चित्रपटांनी जोपासलेले आहे. वेशांतर, पाठलाग, परमुलखातील हॉटेले आणि अखेरीस एकट्याने शत्रूचा अड्डा उडवणारा नायक, हे चित्र मनात ठेवून जो या वाटेला जाईल, त्याच्या पदरी निराशा येणार हे निश्चित. शिवाय या चित्रात निरनिराळ्या संस्थांची सरमिसळ झालेली असते. परदेशातील गुप्तवार्ता गोळा करणारी ‘रॉ’ ही १९६८ साली स्थापन झालेली संस्था मुलकी आहे. देशांतर्गत काम पाहणारा गुप्तवार्ता विभाग, म्हणजे ‘आयबी’, हा गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतला. लष्करी गुप्तवार्ता हे सैन्याचे स्वतःचे अंग आहे आणि तेथे अंगावर गणवेश चढवल्यावाचून प्रवेश नाही. ‘सदा सतर्क’ हे ब्रीद मिरवणाऱ्या इंटेलिजन्स कोअरचे प्रशिक्षण केंद्र तर आपल्या पुण्यातच आहे. त्या शहरात उभा जन्म काढलेल्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

मग हे काम असते तरी कसे? समोरच्या सैन्याची कोणती पलटण कोठे आहे, तिचा सेनानी कोण, तिच्या मदतीला तोफखाना किती, कालपर्यंत जेथे तीन तंबू होते तेथे आज सात का दिसतात, रस्त्याची रुंदी अचानक का वाढली, एखादे बिनतारी केंद्र एकाएकी मुके का झाले, अशा शेकडो क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरे दिवसेंदिवस, वर्षानुवर्षे जमवत राहणे आणि त्या तुकड्यांतून शत्रूच्या मनातील बेत ताडणे, हे ते काम. टिपलेले संदेश, उपग्रहांची छायाचित्रे, युद्धकैद्यांची चौकशी, सीमेवरील गस्तीच्या नोंदी आणि माणसांकडून मिळणारी खबर ही त्याची साधने. आपल्या सैन्यात शत्रूने पेरलेले हस्तक हुडकणे, हे त्याचे दुसरे अंग. चौदा-चौदा तास एका खोलीत कागद आणि पडदा यांच्याशी झुंजण्याची ज्याची तयारी नाही, त्याने पायदळाचा मार्ग धरावा; तोही तितकाच गौरवाचा आहे.

कौटिल्याने हेरांचे वर्गीकरण किती बारकाईने केले, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. संन्याशाच्या, व्यापाऱ्याच्या, भिक्षुणीच्या वेषातील हेर सर्वांना आठवतात. त्याने घालून दिलेला खरा मोलाचा नियम मात्र सहसा कोणी सांगत नाही. परस्परांशी संबंध नसलेल्या तिघांची खबर जुळली तरच ती विश्वासार्ह धरावी, असा त्याचा दंडक आहे. रोमांच नाही, पण आजही जगभरच्या गुप्तवार्ता विश्लेषणाचा पाया तोच आहे. आणि शिवरायांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक? सुरतेच्या १६६४च्या स्वारीआधी त्या शहराची खडान्‌खडा माहिती आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. परंतु त्यांच्याविषयीची विश्वसनीय कागदपत्रे शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. रायगडावर लोटणाऱ्या गर्दीतील किती जण सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर त्यांची म्हणून दाखवली जाणारी समाधी पाहायला जातात?

या सेवेचे अपयश मात्र कधीच अनामिक राहत नाही. ३ मे १९९९ रोजी बटालिक भागातील गारखोन गावचा ताशी नामग्याल हा मेंढपाळ आपला हरवलेला याक शोधत होता. दुर्बिणीतून त्याला डोंगरावर बर्फ उकरणारी, मोर्चे बांधणारी अनोळखी माणसे दिसली आणि त्याने ती खबर जवळच्या लष्करी ठाण्याला दिली. कोट्यवधी रुपयांच्या यंत्रणांना जे दिसले नाही, ते एका मेंढपाळाला दिसले! २०२४च्या डिसेंबरात तो निवर्तला, तेव्हा सैन्याने त्याला आदरांजली वाहिली, हे योग्यच झाले. पण शिखरे परत घेताना ५२७ जवानांचे प्राण वेचावे लागले होते.

के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीच्या अहवालात या दृष्टीने एक तपशील फार बोलका आहे. नियंत्रण रेषेपलीकडील हालचालींविषयी गुप्तवार्ता विभागाच्या संचालकांनी जून १९९८ मध्ये, म्हणजे तब्बल अकरा महिने आधी, एक टिपण धाडले होते. ते पंतप्रधानांपर्यंत गेले. परंतु ज्यांनी त्याचा अर्थ लावायचा, ते ‘रॉ’चे सचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता महासंचालक, या तिघांचीच नावे पाठवणीच्या यादीत नव्हती. तुकडे होते, ते जोडणारा हात नव्हता. पुढे २००२ साली तिन्ही दलांसाठी संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली आणि २००४ मध्ये तांत्रिक गुप्तवार्तेसाठी स्वतंत्र संघटना आली, ती याच ठेचेतून. संस्था उभ्या करणे तुलनेने सोपे असते. त्यांत बसणारी माणसे घडवणे, हे खरे अवघड काम.

ती माणसे कशी असावीत, याचा धडा इस्रायलकडून घ्यावा. तोही त्याच्या पराक्रमाकडून न घेता त्याच्या चुकीकडून घ्यावा. इस्रायली गुप्तचरांची वाखाणणी आपल्याकडे कमी होत नाही. पण १९७३च्या ऑक्टोबरात काय घडले? दक्षिण विभागातील बिन्यामिन सिमान-तोव्ह नावाच्या एका तरुण लेफ्टनंटने १ आणि ३ ऑक्टोबरला दोन टिपणे लिहिली. इजिप्तचा युद्धसराव हा देखावा असून त्याआड खऱ्या युद्धाची सिद्धता चालली आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. वरिष्ठांचे मत आधीच ठरलेले होते, की इजिप्त युद्ध करणार नाही. टिपणे पुढे गेलीच नाहीत. ६ ऑक्टोबरला इजिप्तच्या सैन्याने सुवेझ कालवा ओलांडला. या लेफ्टनंटची हकीकत नंतर चौकशी आयोगासमोर उघड झाली. बरोबर पन्नास वर्षे आणि एका दिवसाने, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, तोच दोष पुन्हा उफाळून आला. गाझाच्या सीमेवर टेहळणीच्या पडद्यांसमोर बसणाऱ्या तरुण महिला सैनिकांनी पलीकडच्या संशयास्पद हालचाली कितीतरी महिने वर कळवल्या होत्या. त्यांचे कोणी ऐकले नाही. नहाल ओझच्या ठाण्यावरील त्यांच्यापैकी अनेक जणी त्या दिवशी मारल्या गेल्या.

खांद्यावर एक-दोन तारे असलेल्या अधिकाऱ्याने सेनापतीला न रुचणारे सत्य लेखी सांगावे, पुन्हा पुन्हा सांगावे आणि बढतीची पर्वा करू नये, असे धैर्य या सेवेला लागते. ते रणांगणावरील धैर्याहून कमी प्रतीचे नाही. कदाचित अधिक एकाकी आहे. गोळी झेलणाऱ्याच्या शेजारी निदान सहकारी तरी असतात. ‘मोठ्यांना उलट बोलू नये’ एवढाच संस्कार घेऊन वाढलेल्या मुलाला हे कसे जमावे? आज्ञाधारकपणा आणि हुजरेगिरी यांतील भेद घरातच शिकवावा लागतो, हे आपल्या शिस्तप्रिय कुटुंबांनीही ध्यानी घ्यायला हवे.

आणखी एक ओझे असते, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. सीमावर्ती गावातील एखादा हमाल, गुराखी किंवा दुकानदार जेव्हा खबर देतो, तेव्हा तो स्वतःचाच नव्हे, तर लेकराबाळांचा जीव त्या अधिकाऱ्याच्या ओंजळीत ठेवत असतो. त्याचे नाव फुटले तर रात्रीत घर उद्ध्वस्त होते. त्याला शौर्यपदक नाही, निवृत्तिवेतन नाही. अधिकाऱ्याची बदली होते, खबऱ्या तेथेच राहतो. या माणसाला केवळ साधन न मानता दिलेला शब्द पाळणारा अधिकारीच त्या मुलखात टिकतो. इतरांना दुसऱ्या वर्षी खबर मिळेनाशी होते.

प्रत्यक्ष प्रवेशाचा मार्ग सरळ आहे. बारावीनंतर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, किंवा पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा. त्यापाठोपाठ सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची कसोटी. प्रबोधिनीची दारे २०२२ पासून मुलींनाही उघडली आहेत. इंटेलिजन्स कोअरमध्ये स्त्री अधिकारी त्याआधीपासून होत्याच. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२०च्या निकालाने त्यांच्या कायम सेवेचा मार्ग मोकळा झाला. मात्र थेट ‘गुप्तवार्तेत भरती’ असा अर्ज कोठेही नसतो. आधी सैनिक व्हायचे. प्रशिक्षणाच्या अखेरीस गुणानुक्रम, स्वतःची पसंती आणि रिक्त जागा यांवरून शाखा ठरते. पैसे घेऊन गुप्तहेर करून देण्याच्या जाहिराती कोणी दाखवल्या, तर सरळ पोलीस ठाणे गाठावे.

आणि ही सेवा केवळ अभियंत्यांची आहे, हा समज तर मुळीच खरा नाही. भूदलातील अधिकारीपदासाठी कला शाखेच्या पदवीधराला संयुक्त परीक्षेत कसलीही आडकाठी नाही. इतिहास, भूगोल, परदेशी भाषा यांना आपल्या मध्यमवर्गाने ‘स्कोप नसलेले’ विषय ठरवून टाकले. शेजारच्या देशाच्या वृत्तपत्रातील एका वाक्याचा खरा अर्थ लावायला मात्र हेच विषय लागतात. पश्तू, उर्दू, तिबेटी, चिनी जाणणारा माणूस यंत्राने निर्माण होत नाही. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाची परदेशी भाषा शाळा १९४८ पासून चालते. पचमढीलाही सैन्याचे भाषा प्रशिक्षण होते. तरीही १५ जून २०२०च्या गलवानच्या रक्तपातानंतर चिनी जाणणाऱ्यांची निकड ठळकपणे जाणवली आणि २०२३ साली प्रादेशिक सेनेने त्या भाषेच्या मोजक्या दुभाष्यांची पहिली तुकडी घेतली. शतकोटींच्या देशात मोजके!

घरच्यांनाही या नोकरीची झळ बसतेच. जुलै २०२०मध्ये सैन्याने आपल्या लोकांना फेसबुकसह ८९ ॲप काढून टाकण्यास सांगितले, तेव्हा कित्येकांना ते जाचक वाटले. पण सैनिकाच्या पत्नीने कौतुकाने टाकलेल्या एका छायाचित्रावरून पलटणीचा ठावठिकाणा कळू शकतो, मैत्रीच्या मिषाने आलेल्या गोड संदेशामागे सीमेपलीकडचा हस्तक असू शकतो. मुलगा कोठे आहे हे ठाऊक नसणे, जावई नेमके काय करतो हे शेजाऱ्यांना सांगता न येणे, लग्नाच्या बैठकीत त्याविषयी मौन पाळणे, हे सारे घराने मिळून करायचे असते.

दरवर्षी २६ जुलैला कारगिल विजय दिनाचे कार्यक्रम आपल्या वस्त्यांतून उत्साहाने होतात. व्याख्याने होतात, टाळ्या पडतात, डोळे पाणावतात. त्याच घरांतून मुलगा बारावी झाला की अभियांत्रिकीच्या जागांची चौकशी सुरू होते आणि चार वर्षांनी अमेरिकेच्या व्हिसाची. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन-जपानी शिकायला पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी येत आहेत, आणि त्यांत वावगे काहीच नाही. मात्र त्यांच्यातील एखादी मुलगी घरी म्हणाली, की तिला चिनी शिकून सैन्यात जायचे आहे, तर आधी विचारले जाते ते पगाराचेच. सातव्या वेतन आयोगाने लेफ्टनंटचे मूळ वेतन ५६,१०० रुपये आणि त्यावर लष्करी सेवा वेतन १५,५०० रुपये ठरवले, भत्ते वेगळे. एवढे सांगून झाले की दुसरा प्रश्न येतो, तिथे काम काय असते? त्याचे उत्तर ती आज देऊ शकेल. नोकरी लागल्यानंतर नाही.