ओढ्याला फूटपट्टी नसते

"आजी, काय होत नाही गं! जवळच तर आहे, थोडंसं चालायचं."

नातू आणि त्याचे मित्र रविवारी शाहूवाडीकडच्या बर्कीच्या धबधब्याला निघालेत. मिरजकर तिकटीवरून भडंगाच्या पुड्यासुद्धा आणून झाल्या. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात पोरांनी रान बघायचं नाही तर काय नुसता मोबाईल बघायचा?

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. मग पुणे जिल्ह्यात मनाईचे आदेश निघाले. आदेश हवेतच. पण आदेश फलकावर असतो, पाणी डोंगरावरून येतं. ते ओळखायला कुणी शिकवत नाही, हे माझं म्हणणं.

हे ऐकीव नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी मी सातवीच्या मुलींना अशाच एका धबधब्याला नेलं होतं. घोट्याएवढा ओढा ओलांडून पलीकडे डबे सोडले. छान ऊन पडलं होतं. एक गुराखी धावत आला, "बाई, पाणी गढूळ झालंय, पोरींना काढा!" मी वर बघितलं, आभाळ मोकळं. "पाच मिनिटं थांबा, डबे होऊ देत," म्हटलं. त्यानं ऐकलं नाही. ओरडून ओरडून मुलींना उठवलं, हाताला धरून एकेकीला अलीकडे आणलं. शेवटच्या दोघी आल्या तेव्हा पाणी मांडीला लागत होतं. थोड्या वेळानं ज्या दगडांवरून गेलो ते दिसेनात. पाऊस वर पठारावर पडला होता. शाळेत परतल्यावर मी हे कुणालाच सांगितलं नाही.

आपल्या कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ असतं, राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. रानातल्या ओढ्याला अशी फूटपट्टी नसते. ती आपणच लावायची. ओलांडण्याआधी काठावरचा एक दगड हेरून ठेवायचा. तो बुडायला लागला, पाणी गढुळलं, पालापाचोळा वाहून आला किंवा आवाज वाढला, की डबा तिथंच टाकून आधी अलीकडच्या काठावर आणि तिथून उंचावर यायचं. वेळ चुकली आणि पलीकडे अडकलात, तर उंच जागी बसून पाणी उतरायची वाट बघायची, ओलांडायचं नाही. धाराखाली उभं राहायचं नाही, वरून दगड येतात. शेवाळलेल्या खडकावर फोटोसाठी चढायचं नाही. आणि गावातला माणूस नको म्हणाला, की वाद न घालता माघारी फिरायचं.

काल हे सगळं नातवाला पहिल्यांदाच सांगितलं. जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजी, त्या गुराख्याचं नाव काय होतं?"

ते विचारायचं राहूनच गेलं होतं.