पँथरच्या जन्मगावचे मैलापाणी

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने अलाबामा राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याशी केलेला एक करार रद्द केला. करार मे २०२३ चा, लाऊंड्स काउंटीतील मैलापाण्याबाबतचा. घराच्या मागच्या अंगणात उघडे मैलापाणी वाहते म्हणून गरीब माणसावर खटले भरू नयेत, दंड लावू नयेत आणि राज्याने स्वतः या प्रश्नात लक्ष घालावे, असे त्यात ठरले होते. नवीन सरकारने या करारावर 'बेकायदेशीर विविधता धोरण' असा शिक्का मारला. हा निर्णय जाहीर करणाऱ्या नागरी हक्क विभागाच्या प्रमुख हरमीत ढिल्लों यांचा जन्म चंदीगडचा आहे, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

आम्ही वस्त्यांमध्ये शौचालयांचे आणि सफाई कामगारांचे प्रश्न घेऊन फिरणारी माणसे. त्यामुळे ही बातमी वाचून थांबलो. पण थांबण्याचे खरे कारण वेगळे होते. लाऊंड्स काउंटीचे मुख्य ठिकाण हेनव्हिल. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका धरा, आणि हेनव्हिल हे त्या तालुक्याचे गाव. वस्ती हजाराच्याही आत. मधोमध चौक, चौकात एकोणिसाव्या शतकातले उंच खांबांचे न्यायालय. आपल्याकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीएवढे हे गाव, पण दलित पँथरच्या नावाचा उगम शोधत मागे गेलो तर वाट इथेच येऊन पोचते.

१९६५ च्या सुरुवातीला या काउंटीत सुमारे ८० टक्के लोक कृष्णवर्णीय होते आणि मतदार यादीत त्यांच्यातला एकही नव्हता. गोऱ्या मतदारांची यादी मात्र गोऱ्या प्रौढांच्या संख्येहूनही मोठी होती. मार्चमध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा याच काउंटीतून गेला. मोर्चा संपला त्या रात्री व्हायोला लिउझो या गोऱ्या कार्यकर्तीला क्लू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी याच काउंटीत महामार्गावर गोळ्या घातल्या. ऑगस्टमध्ये जोनाथन डॅनियल्स हा २६ वर्षांचा धर्मशास्त्राचा गोरा विद्यार्थी निदर्शने केल्याबद्दल हेनव्हिलच्या तुरुंगात होता. २० तारखेला सुटका झाली. सोबत्यांसह तो जवळच्या दुकानात थंड पेय घ्यायला गेला. दारात बंदूक घेऊन टॉम कोलमन उभा होता. त्याने १७ वर्षांच्या रुबी सेल्स या कृष्णवर्णीय मुलीवर नेम धरला, डॅनियल्सने तिला बाजूला ढकलले आणि गोळी स्वतःवर घेतली. खटला त्याच चौकातल्या न्यायालयात चालला. ज्युरीत बाराही जण गोरे पुरुष. कोलमन निर्दोष सुटला.

जिल्ह्याच्या कोर्टात अत्याचाराच्या केसेससाठी बसलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक असा की तिथल्या लोकांनी पंच कोण निवडतो यालाच आव्हान दिले. व्हाइट विरुद्ध क्रूक या खटल्यात १९६६ मध्ये संघीय न्यायालयाने निकाल दिला की, कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना ज्युरीबाहेर ठेवणे घटनाविरोधी आहे. तो खटलाही लाऊंड्स काउंटीचाच.

दरम्यान मतदार म्हणून नाव नोंदवणाऱ्यांना गोऱ्या जमीनदारांनी जमिनीवरून हाकलले. पिढ्यानपिढ्या वाट्याने शेती कसणारी कुटुंबे महामार्गालगत तंबू ठोकून राहिली. मग स्टोकली कारमायकल आणि स्थानिक नेते जॉन ह्युलेट यांनी ठरवले की, गोऱ्यांच्या पक्षात जागा मागायची नाही, आपला स्वतंत्र पक्ष काढायचा. लाऊंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन. अनेकांना वाचता येत नसल्याने मतपत्रिकेवर चिन्ह हवे होते. अलाबामातील डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते आणि त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली असे. त्यासमोर यांनी झेप घेणारा काळा पँथर घेतला. ३ मे १९६६ रोजी हेनव्हिलमधील एका चर्चच्या आवारात सुमारे नऊशे लोकांनी आपले उमेदवार निवडले. नोव्हेंबरमध्ये ते सारे हरले. पण त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ते चिन्ह आणि नाव उचलले होते. १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी तेच नाव घेतले, पुढचे आपण जाणतोच. १९७० मध्ये जॉन ह्युलेट शेरीफ म्हणून निवडून आले आणि दोन दशकांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. ज्या चौकात खुनी सुटला, तिथली पोलीस सत्ता आता आपल्या माणसाच्या हाती आली.

सत्ता ही गुरुकिल्ली, हे आपण सभांमधून सांगत आलो आहोत आणि ते खोटे नाही. मग सत्ता मिळून पन्नास वर्षे होऊन गेल्यावर या काउंटीत घरामागे मैला का वाहतो?

उत्तराचा एक भाग मातीत आहे. हा पट्टा 'ब्लॅक बेल्ट' म्हणून ओळखला जातो. मुळात काळ्या जमिनीवरून हे नाव पडले. आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच कापसाची चिकण माती, ओली झाली की फुगणारी, सुकली की भेगाळणारी. याच जमिनीसाठी इथे गुलाम आणले गेले. या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून साधा शोषखड्डा चालत नाही. मातीचा उंच ढीग रचून बसवायची खास यंत्रणा लागते आणि तिचा खर्च वीस हजार डॉलर किंवा त्याहूनही जास्त जातो. काही घरांची वर्षभराची कमाई तेवढी नसते. मग लोक घरातून एक पाइप काढून मागच्या ओढ्यात सोडतात. हेनव्हिल गावात गटारयोजना आहे, पण मैला साठवायच्या तळ्याजवळ राहणाऱ्यांच्या घरात पावसाळी दिवसांत घाण उलटी येते.

दुसरा भाग कायद्याचा, आणि आमच्या मते तोच मोठा. गावकुसाबाहेरच्या ग्रामीण घराचे मैलापाणी ही तिथे घरमालकाची खाजगी जबाबदारी मानली जाते. यंत्रणा नसणे हा गुन्हा. शेरीफ आपला असला तरी आरोग्याचा कायदा राज्याच्या राजधानीत होतो, आणि निधीही तिथूनच येतो. काउंटीत बहुमत असलेले लोक राज्यात अल्पमतात. गुन्हेगार ठरला तो घाणीत राहणारा. याच काउंटीत वाढलेल्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी वर्षानुवर्षे घरोघरी फिरून हे मांडले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ५५ पैकी १९ जणांत अंकुशकृमीचा अंश सापडला. हा गरिबीचा आजार अमेरिकेतून गेला, असे समजले जात होते. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे दारिद्र्यविषयक तज्ज्ञ फिलिप अॅल्स्टन अलाबामात येऊन ही अंगणे पाहून गेले.

२०२३ चा करार म्हणूनच वेगळा होता. तो १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे झाला होता. घाणीत राहावे लागणे ही वैयक्तिक चूक नसून तिथे भेदभावाचा प्रश्न असू शकतो, हे सरकारी कागदावर पहिल्यांदा आले होते. जातीचे नाव घेतल्याशिवाय आपल्याकडचा गटारात उतरणारा माणूस कोण हे कळत नाही, तसेच तिथे वंशाचे नाव घेतल्याशिवाय पाइप कोणाच्या अंगणात उघडतो हे कळत नाही. आता नाव घेणे हाच भेदभाव ठरवण्यात आला आहे. आपल्याकडेही 'जातीचा विषय काढूच नका' म्हणणारे अधिकारी आम्हाला कमी भेटलेले नाहीत.

राज्याच्या खात्याने सांगितले आहे की, मंजूर झालेला निधी संपेपर्यंत यंत्रणा बसवण्याचे काम चालू राहील. त्यापुढचे बंधन उरलेले नाही. डॅनियल्स यांच्या स्मरणार्थ दर ऑगस्टमध्ये लोक हेनव्हिलला येतात, चौकात चालतात आणि कोलमन सुटला त्याच न्यायालयात प्रार्थना करतात. कार्यक्रम आटोपून ते परतीच्या वाटेला लागतात, तेव्हा महामार्गाच्या दोन्ही बाजूंच्या घरांमागे पाइप तसेच उघडे असतात.