आतला प्रकाश आणि त्यावरचे आक्षेप

देव आजही बोलतो आणि तो माणसाच्या अंतःकरणातही बोलतो, अशी उदारमतवादी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. पवित्र शास्त्र ते वाचतात, परंपरेचा मान राखतात, पण निर्णयाच्या घडीला आतल्या आवाजालाही विचारतात. सनातन मताच्या अनेक पाळकांना हे धोक्याचे वाटते, आणि त्यांचा पूर्वपक्ष पोकळ नाही. यिर्मया संदेष्ट्याने मानवी हृदय सर्वांत कपटी ठरवले आहे. त्या हृदयाचा कौल घेऊन माणूस चालू लागला, तर स्वतःला हवे ते देवाच्या नावावर खपवील. शास्त्र मात्र लिहिलेले आहे, आपल्या बाहेर आहे, आपल्या सोयीने बदलत नाही. म्हणून प्रमाण तेच.

हृदय कपटी आहे, हे मला मान्य आहे. पण शास्त्र वाचणारे हृदयही तेच असते, त्याचे काय? अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांच्या हाती बायबल होते. नोहाने कनानाला दिलेला शाप त्यांना तोंडपाठ होता. पौलाने ओनेसिमस या दासाला त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवले हेही ते दाखवून देत. एक अक्षर न बदलता त्यांनी शास्त्राला साखळदंडाच्या बाजूने उभे केले. प्रमाण बाहेर असल्याने कपट टळते, हा पूर्वपक्षाचा आधारच इथे कोसळतो.

त्याच काळात, त्याच देशात, आतल्या प्रकाशाला मानणारे क्वेकर राहत होते. विणकराचा मुलगा जॉर्ज फॉक्स याने सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये ही चळवळ उभी केली. पाळक नाही, वेदी नाही, ठरलेली प्रार्थना नाही. सगळे शांत बसतात आणि ज्याला आतून प्रेरणा होईल तो, किंवा ती, उठून बोलते. हे लोक जन्मतः शहाणे होते असे मी म्हणणार नाही. फॉक्स १६७१ साली बार्बाडोसला गेला, गुलामांची स्थिती डोळ्यांनी पाहिली, दयेने वागवा म्हणाला. गुलामगिरीच बंद करा असे म्हणाला नाही. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन स्वतः गुलाम बाळगत होता. १६८८ मध्ये जर्मनटाउनच्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध दिला, तेव्हा तो मासिक सभेतून त्रैमासिक आणि तिथून वार्षिक सभेकडे ढकलला गेला व बाजूला ठेवला गेला.

मग जॉन वूलमन आला. न्यू जर्सीतला हा तरुण एका दुकानात कामाला होता. एके दिवशी मालकाने त्याला एका काळ्या स्त्रीचे विक्रीखत लिहायला सांगितले. विकत घेणारा वयस्क क्वेकर समोरच थांबला होता. वूलमनने खत लिहिले, पण लिहिताना मन इतके अस्वस्थ झाले की दोघांसमोर तो बोलून गेला, गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी जुळत नाही असे मला वाटते. पुढे तशीच मागणी आली तेव्हा त्याने नकार दिला. गुलाम वारसांना देण्याची मृत्युपत्रे लिहिणेही सोडले, आणि अशा एका नकारामुळे मृत्युपत्र करणाऱ्याने गुलामांना मोकळे करायचे ठरवले.

दुसरा आक्षेप इथेच तपासून पाहावा. तो नवा आहे आणि मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. अंतरीचे शहाणपण म्हणजे सुखवस्तू माणसाने स्वतःला गोंजारणे, असे काही जण म्हणतात. महागड्या शिबिरांत शिकवले जाणारे, स्वतःवर प्रेम करा एवढेच सांगणारे अध्यात्म पाहिले की मलाही तो आक्षेप खरा वाटतो. पण वूलमनच्या आतल्या आवाजाने त्याला काय दिले ते पाहा. दुकान भरभराटीला आले तेव्हा आवाजाने ते आवरायला लावले; शिंपीकाम आणि फळबाग एवढ्यावर तो राहिला. गुलाम बाळगणाऱ्या घरी पाहुणचार घेतला की तिथल्या गुलामांना त्यांच्या कष्टाचे पैसे देऊन निघायचा, यजमानाला कितीही अवघड वाटो. न रंगवलेले कपडे घालू लागला आणि लोकांच्या नजरा सोसल्या. १७७२ मध्ये इंग्लंडला जाताना नक्षीदार केबिन नाकारून खलाशांबरोबर खालच्या भागात राहिला. तिथे उतरल्यावर घोडे आणि गाड्यांवरची पोरे छळली जातात म्हणून गाडीत बसला नाही, पायी हिंडला, आणि यॉर्कमध्ये देवी येऊन वारला. गोंजारणारा आवाज असे काही मागत नाही.

राहिला तिसरा मुद्दा, वेडाचा. कुणालाही काहीही ऐकू आले तर? तसे झालेही आहे. १६५६ मध्ये जेम्स नेलर हा नामांकित क्वेकर येशूच्या यरुशलेम प्रवेशाची नक्कल करत, होसान्नाच्या गजरात ब्रिस्टल शहरात शिरला. पार्लमेंटने त्याला फटके मारले, कपाळावर डाग दिला, जीभ तापल्या लोखंडाने भोसकली. ती शिक्षा क्रूर होती, पण क्वेकरांनी त्यातून घेतलेला धडा मोलाचा आहे. त्यांनी आतल्या प्रेरणेला सभेची कसोटी लावली. सभेत मतदान नाही. चिटणीस सगळ्यांचे ऐकून सभेचा कल शब्दांत मांडतो, आणि कुणाच्या मनात खरी खळखळ असेल तर निर्णय थांबतो. एकट्याच्या मनात उमटलेले इतरांच्या मौनात टिकते का, हे असे पाहिले जाते.

ही पद्धत संथ आहे आणि तिची किंमत भयंकर होती. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७५८ मध्ये गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरी माणसे पाठवायचे ठरवले; वूलमन त्यांत होता. गुलाम ठेवण्यावर पूर्ण बंदी १७७६ साली आली. जर्मनटाउनच्या कागदापासून ८८ वर्षे. त्या काळात किती माणसे गुलामीतच मेली, हे विसरून या कथेचा गौरव करता येणार नाही. तरीही त्याच शास्त्रावर विसंबलेली कितीतरी मोठी मंडळी तेव्हा या वाटेला लागलीही नव्हती.

आतल्या प्रकाशाची ही कल्पना ख्रिस्ती नाही, पौर्वात्य आहे, असेही ऐकू येते. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभच प्रत्येक माणसाला उजळणाऱ्या प्रकाशाची साक्ष देतो. क्वेकरांनी तो तिथूनच घेतला. आणि पूर्वेकडचा रस्ता ख्रिस्ताकडे जात नाही, हे मराठी माणसाला तरी कुणी सांगू नये. नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.

आता एक खरी अडचण. ब्रिटनच्या क्वेकरांनी २००९ मध्ये यॉर्कच्या वार्षिक सभेत समलिंगी जोडप्यांचे विवाह आपल्या उपासनेत लावायचे ठरवले. जगातले सर्वाधिक क्वेकर आज केनियात आहेत, आणि तिथल्या बहुतेकांना हे मान्य नाही. आक्षेपक विचारतात, प्रकाश एकच तर उत्तरे दोन कशी? एकाच शास्त्रावरून शेकडो पंथ झाले, तेव्हा हा प्रश्न फक्त आतल्या प्रकाशाला विचारणे न्यायाचे नाही. मी यॉर्कच्या बाजूचा आहे. वूलमनने प्रत्येक वेळी एकच पाहिले, माझ्या धर्माचा भार कुणाच्या पाठीवर पडतो आहे. आणि इथे तो भार पिढ्यान्‌पिढ्या त्या जोडप्यांनीच वाहिला आहे. पण केनियातल्या सभांना मागासलेले म्हणून झिडकारणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. वूलमन मालकांच्या घरी गेला, त्यांच्या समोर बसला, बोलला आणि त्यांचे बोलणेही ऐकून घेतले. यॉर्कवाल्यांनी नैरोबीला जाऊन तेवढेच करायला हवे.