गर्भनलिका काढली तरी कूस उजवते

गर्भ नलिकेतच रुजला आणि ती काढावी लागली, की घरात पहिला निष्कर्ष निघतो: ‘आता हिला मूल होणार नाही.’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. एक नलिका निरोगी असेल तर नैसर्गिक गर्भधारणा होऊ शकते. उरलेली नलिका कधीकधी दुसऱ्या बाजूच्या अंडाशयातले बीजही टिपते. मात्र पुन्हा नलिकेत गर्भ राहण्याचा धोका अधिक असल्याने पाळी चुकताच लवकर सोनोग्राफी हवी.

दोन्ही नलिका काढल्या असतील तर मार्ग आयव्हीएफचा. त्यात बीज थेट अंडाशयातून घेतात, प्रयोगशाळेत फलित करतात आणि गर्भ गर्भाशयात सोडतात. नलिकांची गरजच उरत नाही. 1978 मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, आयव्हीएफने झालेल्या जगातल्या पहिल्या बाळाच्या, म्हणजे लुईस ब्राऊनच्या, आईच्या नलिका बंदच होत्या. पाणी साचून फुगलेली नलिका तर आयव्हीएफपूर्वी काढल्यास यशाची शक्यता वाढते. पुढचे बरेचसे यश स्त्रीच्या वयावर अवलंबून असते आणि पस्तिशीनंतर ते घटत जाते.

खरी अडचण खर्चाची आहे. खासगी केंद्रांतली एकेक फेरी लाखाच्या घरात जाते. गोवा मेडिकल कॉलेजने 2023 मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू केले. महाराष्ट्रातही ही सोय जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत पोहोचायला हवी. शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना पुढच्या गर्भधारणेबाबत पती-पत्नी दोघांचे समुपदेशन करणे तर आजच शक्य आहे. त्यासाठी निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.